गाडीची सुट्टी, जून ते दसरा

परदेशातले शौकीन स्पोर्ट्‌स कार हिवाळ्यात झाकून ठेवतात. कारण बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं. आमच्या चिखल्यात उलटं. थंडी म्हणजे ड्रायव्हिंगचा सीझन! इथला व्हिलन पावसाळा. गावाच्या नावातच चिखल, वर मँगनीजच्या खाणींची काळी धूळ.

त्यामुळे १०० हॉर्सपॉवरची माझी जुनी पालिओ १.६ जूनपासून दसऱ्यापर्यंत सुट्टीवर. मेच्या उन्हात खालून धुवून वाळवायची, मग सावलीत वॅक्स. पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी फुल्ल. आत हवेला जागाच नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. टायरमध्ये हवा थोडी जास्त. हँडब्रेक सोडून चाकांना विटा, नाहीतर ब्रेक चिकटतात. उंदरांसाठी सायलेन्सरला जाळी. वरून प्लास्टिक नाही, सुती कव्हर.

"चार महिने झोपूनच रायते, कायले ठेवली? विकून टाक ना," आई दरवर्षी म्हणते. खाणीतून रिटायर झालेले बाबा गप्पच. पण पुण्याहून फोन केला की स्वतःच्या बीपीआधी ते टायरची हवा सांगतात, मग कव्हर, मग उंदीर. चक्क दहा मिनिटं! एरवी आम्हा दोघांत बोलण्यासारखं फारसं नसतं.

म्हणून नाही विकत.