कडेवरचे नाव

ईदची सुट्टी संपायच्या आत मुलांना कुठेतरी न्यायचे होते. आम्ही घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात गेलो. नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. बाहेर विमान, रणगाडा. मुले तिथेच रमली. आम्ही थोरली माणसे मात्र आत, पदकांच्या काचेपुढे थांबलो.

परमवीरचक्र एवढे लहान असते याची आम्हाला कल्पना नव्हती. कांस्याचे, व्यास दीड इंचाच्याही आत, जांभळ्या फितीला अडकवलेले. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्म स्वित्झर्लंडमधला, लग्नाने मराठी झालेल्या. आजवर २१ जणांना ते मिळाले. त्यांतले १४ जण ते घ्यायला हयात नव्हते.

तेवढ्यात मुले आत आली. "यात आपलं कोणी आहे का?"

आम्ही चटकन अब्दुल हमीद यांचे नाव घेतले. १९६५ साल, खेमकरणची आघाडी, जीपवरची तोफ, पॅटन रणगाडे. मग ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, १९४८, झांगड, महावीरचक्र. सगळे तोंडपाठ होते. सांगून झाल्यावर मात्र आमचे आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. ही नावे आम्ही खिशातल्या ओळखपत्रासारखी बाळगतो; कुणी हटकले की काढून दाखवायची. इथे तर विचारणारी आमचीच लेकरे होती.

आणि घरचे एक नाव असताना ते आम्हाला सुचलेही नव्हते.

आमचे परदादा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्या काळी या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. त्यांना मेसोपोटेमियात धाडले. समोर तुर्कांची फौज, म्हणजे खलिफाची. ज्याच्यासाठी इथल्या कित्येक मशिदींत दुआ मागितली जाई, त्याच्याच शिपायांवर बंदूक रोखायची. परदादा परत आले, पण त्या दिवसांविषयी मरेपर्यंत बोलले नाहीत. चांदीचे पदक मिळाले होते. ते त्यांच्या छातीवर कुणी पाहिले नाही. पेटीच्या तळाशी असायचे, असे दादी सांगे. पुढे एका दुष्काळात परदादीने ते सराफाकडे मोडले आणि ज्वारी आणली. त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण उमटवलेली असे. चांदीबरोबर तेही मुशीत गेले.

लहानपणी आम्हाला याची फार हळहळ वाटे. पदक असते तर भिंतीवर लावले असते, आल्यागेल्याला दाखवले असते. त्या दिवशी काचेपुढे उभे असताना वाटले, परदादीचे काही चुकले नाही. घरात चार पोरे उपाशी होती. त्या पदकाने निदान एकदा तरी घराचे पोट भरले.

परतताना रिक्षात मुलांना हे सारे सांगितले. धाकट्याने विचारले, "मग ते लढले ते बरोबर की चूक?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. "नोकरी होती, बेटा. पगार घरी पाठवायचे. पुढचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही," एवढेच बोललो.

रात्री एका वहीत परदादांचे नाव लिहून ठेवले. खाली पलटण लिहिली. नंबराची जागा कोरी सोडली.