रात्रीचा रेडिओ आणि बारामती-इंदापूरची वाट

बारामती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे साखर, पाणी आणि राजकारण येते. पण या भागाची रात्र फार थोड्यांनी पाहिली आहे. इथे अंधार पडला म्हणून काम थांबत नाही, आणि जिथे रात्रीचे काम असते तिथे सोबतीला कुणाचा तरी आवाज लागतोच. पुष्कळ वर्षे तो आवाज रेडिओचा होता.

आम्ही बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एस.टी. धरली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. अंतर सुमारे ५० किलोमीटर. नीरा डाव्या कालव्याचे पाणी इंग्रजी अमदानीत इकडे आले आणि माळाचा ऊसमळा झाला. भवानीनगरला छत्रपती साखर कारखाना लागतो. गळिताचा हंगाम असला की उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर रांगेत उभे. तोडणी कामगार गाडीखालीच पाठ टेकतात. पुढे जंक्शनवरून वालचंदनगरला फाटा फुटतो. तिथेही पाळीचे काम. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच मिळते, म्हणून उसाला पाणी देणारा गडी बॅटरी आणि फावडे घेऊन बांधावर असतो. अशा माणसांच्या खांद्याला ट्रान्झिस्टर लटकलेला आमच्या पिढीने पाहिला आहे.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. दिवसा जवळचेच केंद्र लागे, पण रात्री जादू होई. तिचे कारण साधे आहे. दिवसा वातावरणात फार उंचावर एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आदळून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून रात्री सुई फिरवली की परमुलखाची केंद्रे बोलू लागत. लघुलहरींवर श्रीलंका लागे, बीबीसीची हिंदी सेवा लागे. १९४० साली सुरू झालेल्या त्या सेवेचे लघुलहरींवरचे प्रक्षेपण जानेवारी २०२० अखेर थांबले. निवडणूक, दुष्काळ, परदेशातला संप, चंद्रावर गेलेली माणसे असे सारे विषय त्या गप्पांत असत. शाळेची पायरी न चढलेला म्हातारा सकाळी चहाच्या टपरीवर जगाची बातमी सांगे, ती या रात्रीच्या शिदोरीवर.

मात्र बोलणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे, हा भेद राहिलाच. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आकाशवाणीवरून बोलले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाहीत, ती आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी देशाला सांगितले. धम्मदीक्षेच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर झिजले, त्यांच्यापैकी किती घरांत तेव्हा रेडिओ होता? चावडीवर सेट असला, तरी चावडीवर कोणी कुठे बसायचे हे गाव ठरवीत असे.

ऐकणाऱ्यालाही बोलते करता येते, हे याच पुणे केंद्राने १९५६ साली दाखवून दिले. युनेस्कोच्या मदतीने पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोत्यांची मंडळे नेमली गेली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी ती रीत होती. एकतर्फी रेडिओ त्या दिवसांत थोडासा दुतर्फी झाला.

पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही सामुदायिक रेडिओचा दरवाजा उघडला. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी उभी राहिली. अशा केंद्रांना आपल्या बातम्या देता येत नाहीत, पण निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत असा नियम आहे. त्यांचा आवाज मात्र साधारण दहा-बारा किलोमीटर जातो. म्हणजे आमची एस.टी. भवानीनगरला पोचेपर्यंतच तो मागे राहतो, इंदापूरची वस्ती तर दूरच.

तेलंगणातल्या माचनूर गावी २००८ पासून दलित स्त्रियांनी संगम रेडिओ चालवून दाखवला. शेतमजुरी करणाऱ्या बायाच यंत्र हाताळतात, मुलाखती घेतात, बियाण्यावर, औषधपाण्यावर बोलतात. कार्यक्रमाची वेळही त्यांनी संध्याकाळची ठरवली, कारण बाई शेतातून घरी येते तेव्हाच तिला ऐकायला उसंत मिळते.

वाचक बंधुभगिनींनो, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तरी हा प्रश्न जुना झालेला नाही. रात्रीच्या गप्पांत तोडणी कामगाराची उचल, तिसऱ्या पाळीतल्या बाईची घरी जायची वाट, कारखान्यावर आईबापांबरोबर आलेल्या पोराची बुडालेली शाळा हे विषय कोण काढणार? आपल्या भागात असे केंद्र असेल तर विहारातल्या दोन-चार जणांनी मिळून तिथे जावे. आपल्या आजीला, आपल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्यावे आणि बोलायला वेळ मागावी. नियमाने निम्मा वेळ स्थानिक लोकांचा आहे. आणि ते स्थानिक लोक आपणच आहोत.