इंजिन बंद, पंप बंद

शहाड स्टेशनजवळ अण्णांचे लहानसे गॅरेज आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पण सुट्टीत माझे हात ग्रीसनेच काळे असतात.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरी हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. दिवाळीत तशीच एक आमच्याकडे आली. पेट्रोल ओढणारा तिचा मूळ पंप इंजिनाच्याच गतीवर चाले. तो निकामी झाला होता. अण्णांनी विजेवरचा पंप बसवला आणि त्याची वायर सरळ इग्निशनला जोडली.

मी भीतभीत विचारले, "अण्णा, गाडी ठोकली, इंजिन बंद पडले, पण चावी तशीच राहिली तर?"

अण्णांचा पकडीवरचा हात थांबला. जुना पंप इंजिनाबरोबर थांबे. हा मात्र फुटलेल्या नळीतून तापल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहिला असता.

"इतक्या वर्षांत मला हे सुचले नाही रे," ते म्हणाले.

आम्ही वायर उपसली. बॅटरीलगत फ्यूज घातला, पुढे रिले. ऑइलचा दाब आला तरच रिले लागेल असा स्विच बसवला. स्टार्टर मारण्यापुरती वेगळी वायर दिली. इंजिन चालू केले. मग मुद्दाम चावी तशीच ठेवून ते बंद पाडले. क्षणभरात पंपाची टकटक थांबली.

वर्गात प्रश्न विचारायला मी कचरतो. सरांना काय वाटेल, मुले हसतील. अण्णा हसले नाहीत. यंदा हात वर करून पाहणार आहे.