शितावरून भाताची परीक्षा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मी तीस वर्षे वर्गात शिकवली. भाताच्या या खोऱ्यात ती समजावून सांगण्याची वेळ कधी आली नाही. तिची मर्यादा मात्र मला गेल्या पावसाळ्यात कळली, टाकवे बुद्रुकजवळच्या माझ्या भाच्याच्या कारखान्यात.

कारखाना लहानसा. दोन यंत्रे आणि एक भट्टी. विमानाच्या सुट्या भागांचे काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली, तेव्हा गाठीशी पैसे एकाच प्रमाणपत्रापुरते होते. “मामा, एएस ९१०० घेऊ की नॅडकॅप? तुम्ही जरा वाचून सांगा,” असे म्हणत त्याने इंग्रजी कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला.

१९९९ साली आलेले एएस ९१०० हे आयएसओ ९००१ च्या पायावर उभे आहे आणि ते संपूर्ण कारखान्याची व्यवस्था तपासते. १९९० पासूनचे नॅडकॅप हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, रासायनिक प्रक्रिया अशी एकेक प्रक्रिया घेते. तपासणारेही त्या प्रक्रियेतले जाणकार असतात. मात्र त्यासाठी एएस ९१०० सारखी व्यवस्था आधी असावी लागते. म्हणजे निवड मुळात क्रमाची होती.

पण प्रक्रियेची वेगळी तपासणी हवीच कशाला? भट्टीतून निघालेल्या नगाचा कठीणपणा मोजता येतो; आत धातू कसा घडला हे पुरते जाणायचे तर नग कापावा लागतो, आणि कापलेला नग विमानाला लागत नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे कोसळलेल्या विमानाच्या इंजिनातील टायटॅनियमच्या चकतीत धातू घडतानाच दोष राहिला होता. त्यातून वाढलेली चीर तपासणीत निसटली. ११२ माणसे गेली.

मी भट्टीची नोंदवही मागितली. दर अर्ध्या तासाचे तापमान, एकच शाई, कुठेही खाडाखोड नाही. हे अक्षर माझ्या ओळखीचे होते: शाळेच्या पायरीवर बसून घरचा अभ्यास उतरवून काढणाऱ्या मुलाचे. विचारले तेव्हा भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “रात्रपाळीला एकच माणूस असतो, मामा. तो यंत्रे बघेल की वही भरेल?”

त्या प्रश्नातच उत्तर होते. एएस ९१०० आधी घ्यायचे, विमानाच्या भागांची हीट ट्रीटमेंट नॅडकॅप असलेल्या ठिकाणी बाहेरून करून घ्यायची आणि आपली भट्टी शेतीच्या अवजारांपुरती ठेवायची, असे ठरले. नफ्याचा मोठा वाटा बाहेर जाणार हे दिसत असूनही त्याने ते मान्य केले.

परतताना मला माझ्या तीस वर्षांच्या उत्तरपत्रिका आठवत राहिल्या. तीन तासांच्या एका पेपरावरून मी मुलांना जोखत आलो. ती वर्षभर कशी वाचतात, हे पाहायला त्यांच्याजवळ कितीदा बसलो?

परवा पुन्हा भट्टीपाशी गेलो होतो. वहीत दोन रकाने कोरे होते आणि एका आकड्यावर काट मारून शेजारी सही केलेली होती. पहिल्यांदाच ती वही मला खरी वाटली.