एक चौक, दोन कॉफ्या

सायप्रस म्हणजे निळा समुद्र, बीच आणि रात्रभर पार्टी, असंच माझ्या डोक्यात होतं. तेही केलं बरं का! पण लक्षात राहिलं ते लार्नाका शहराजवळचं पीला नावाचं छोटंसं गाव.

गाव तसं एकदम टिपिकल. चर्च, मशीद, चौकात खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी. फक्त मान वर केली की चौकावर नजर ठेवणारी संयुक्त राष्ट्रांची चौकी दिसते आणि मागच्या कड्यावर तुर्की सैन्याची. मी उत्साहात कॅमेरा काढला, तर शेजारच्या टेबलावरच्या काकांनी नुसत्या बोटानं 'नको' म्हटलं.

भानगड अशी, की १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं इथं सत्तापालट झाला, तुर्कस्ताननं सैन्य उतरवलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले. ग्रीक बोलणारे दक्षिणेत, तुर्की बोलणारे उत्तरेत. मध्ये सुमारे १८० किलोमीटर लांबीचा बफर झोन. पीला नेमकं त्या पट्ट्यात आलं आणि दोन्हीकडची माणसं घरं न सोडता तिथंच राहिली. या पट्ट्यात दोन्ही समाज एकत्र राहतात असं हे एकच गाव.

चौकाच्या एका बाजूला ग्रीक कॉफीशॉप, दुसऱ्या बाजूला तुर्की. मी आधी इकडे 'मेत्रिओ' मागवली, म्हणजे मध्यम गोड. मग चौक ओलांडून तिकडे 'ओर्ता'. अर्थ तोच! तसाच इवलासा कप, तसाच फेस, तळाशी तसाच गाळ. शपथेवर सांगते, चवीतला फरक मला कळला नाही.

'किती गोड गाव!' असं म्हणून मी निघणारच होते. पण इथं शाळा वेगळ्या, गावचे मुखिया दोन. ऑगस्ट २०२३ मध्ये तर उत्तरेकडून इथवर आणायच्या रस्त्यावरून वाद पेटला आणि काम अडवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना तुर्की सायप्रसवाल्यांकडून मारहाण झाली.

"तुम्ही कधी समोर कॉफीला जाता?" मी काकांना विचारलं.

"कॉफी इथंच," ते म्हणाले. "पण रोज सकाळी हात करतो. तोही करतो."

निघताना मी वळून पाहिलं. समोरच्या खुर्चीतले आजोबा उठून घरी चालले होते. काकांनी हात वर केला. त्यांनीही केला.

मैत्री वगैरे नसेलही ही. पण डोक्यावर दोन-दोन चौक्या असताना रोज न चुकता हात करणं, हेही काही कमी नाही.