बैठक उतरताना

तालमीत नवा पोरगा आला की त्याचं सगळं ध्यान आकड्यावर. किती मारल्या, हेच तो सांगत येतो. मी मात्र तो खाली कसा जातो ते बघतो. वर येताना ताकद लावावीच लागते, तिथे कुणाची सुटका नाही. खाली जाताना अंग सोडून देता येतं, आणि मग शेवटच्या वीतभरात सगळं वजन गुडघ्यावर आदळतं. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाही वजन धरून ठेवतो, तेव्हा ती बैठक. म्हणून माझ्याकडे उतरणं सावकाश.

आखाड्यातली बैठक टाचा उचलून, चवड्यावर मारतात. कुस्तीत तोल चवड्यावरच लागतो, पैलवानाला ती हवीच. पण साठीतल्या काकूंना मी टाच जमिनीला चिकटवून, कंबर मागे नेत बसायला सांगतो. गुडघ्यावरचा भार खुब्याने वाटून घेतला पाहिजे. गुडघे एकमेकांकडे झुकू लागले तर दोष बहुतेकदा खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचा असतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकायला हवा.

खोल बसलं की गुडघे जातात, ही भीती जुनी आहे. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात असं मांडलं आणि ते दूरवर पसरलं. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. वर्षानुवर्षं, तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांचे गुडघे मात्र जास्त झिजतात, आणि फरक तिथेच आहे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात; तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. दाब आला की द्रव बाहेर, दाब सुटला की परत आत. नुसतं दाबून धरलं तर ही ये-जा थांबते. बैठकीत दाबही आहे, सोडणंही आहे.

दुखतंय म्हणून माणूस हालचाल बंद करतो, मांडी बारीक होते, आणि पायऱ्या उतरणं आणखी जड जातं. हे मला फार लागतं, कारण यातलं बरंच टाळता येतं. मात्र गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा दगा देऊ लागला तर बैठक बंद, आधी डॉक्टर. बाकीच्यांनी उंच खुर्चीपासून सुरुवात करावी, हात न टेकता उठावं, तितक्याच सावकाश बसावं. ते सहज जमलं की खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल, आणि मग पाट.