एक नंबर मोठा

आमच्याकडे बूट घ्यायचा म्हटला की पहिलं वाक्य ठरलेलं : "वाढता पाय आहे, एक नंबर मोठा घे." शाळेचे बूट असेच यायचे. पुढे कापूस कोंबायचा, आणि पाय बुटाला पुरेपर्यंत बूट फाटायला आलेला असायचा. पॉवरलूमच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात बूट पायाच्या मापाने घेत नाहीत, वर्षाच्या हिशेबाने घेतात. यंदा धाकट्याची शाळेच्या बेसबॉल संघात निवड झाली आणि हे वाक्य पहिल्यांदाच अडलं.

बऱ्हाणपुरात क्रिकेटचं सामान हवं तेवढं मिळतं. बेसबॉलचे बूट मागितले तर दुकानदार म्हणाला, "वो अलग होते हैं क्या?" आणि फुटबॉलचे स्टड पुढे केले. तळाला खुंट दोन्हींच्या असतात, पण बेसबॉलच्या बुटाला अगदी पुढे, बोटांखाली, एक जादा खुंट असतो. एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर. धावणारा जवळजवळ उभ्या जागेवरून सुटतो, आणि पहिल्या दोन-तीन पावलांतच बरंच काही ठरून जातं. तेव्हा जमीन धरतो तो हा पुढचा खुंट.

मग खुंट कशाचे? मोठ्या लीगमधले बरेच खेळाडू धातूचे वापरतात. अमेरिकेच्या लिटल लीगमध्ये मात्र लहान मुलांना ते चालत नाहीत. घसरत बेसवर येणाऱ्याचा पाय समोरच्याच्या नडगीत बसला तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय आपली काळी माती. पावसाळ्यात ती तळाला चिकटून पाय मणाचा करते आणि उन्हाळ्यात दगड होते. कडक जमिनीत लांब खुंट शिरत नाही, उलट तळव्यालाच टोचतो. आणि शिरून अडकलाच, तर अंग वळतं, पाय जागेवर राहतो आणि गुडघ्याचं वाटोळं. म्हणून मी सगळ्या तळाला, अगदी बोटांखालीही, आखूड रबरी खुंट असलेले टर्फ बूट ठरवले. धो-धो चिखलात ते कमी पडतील, पण आमचा सराव बहुतेक कोरड्यातच.

राहिला नंबर. बाबांना मी जो जॅक्सनची गोष्ट सांगितली. दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचा हा मुलगा, लहानपणापासून कापडगिरणीत राबलेला. खेळताना नव्या बुटांनी फोड आले, म्हणून एका सामन्यात तो नुसत्या मोज्यांवर उतरला. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं आणि 'शूलेस जो' हे नाव जन्माचं चिकटलं. १९०८ साली तो मोठ्या लीगमध्ये पोचला, तरी नाव तेच. गिरणीचं नाव निघाल्यावर बाबांनी मान वर केली. आमच्या लालबागच्या ताप्ती मिलच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस तो.

संध्याकाळी पाय थोडा फुगलेला असतो, म्हणून तेव्हाच माप घेतलं. खेळतानाचे मोजे घालून धाकटा कागदावर उभा राहिला, मी पेन्सिलीने रेघ ओढली. दोन्ही पायांची, कारण दोन्ही सारखे नसतात. पुढे जेमतेम बोटाएवढी जागा हवी आणि टाच अजिबात उचलली जाता कामा नये. मोठ्या बुटात पाय आतल्या आत सरकतो. वळताना बूट एकीकडे, घोटा दुसरीकडे.

"म्हणजे सहा महिन्यांत आखूड होणार," बाबा म्हणाले.

"होतील," मी म्हटलं. पैसे माझ्या शिकवण्यांचे होते, पण घरात पैसे कुणा एकाचे नसतात.

बाबा कागदावरची रेघ बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मापाचाच घे. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी पाहू" हे आमच्या घरात नाही म्हणायचं असलं की म्हणतात. त्या दिवशी बाबांनी ते हो म्हणायला वापरलं.